उघाडीतला काना

उघाडीतला काना गेला होता, आणि तो गेलेला कुलदीपला पहिल्या नजरेत दिसला. पडद्यावर अर्धवर्तुळ, अर्धवर्तुळात काटा, काट्याच्या बुडाखाली ठळक अक्षरांत नाव. काल ऑफिसातून निघताना त्यानं स्वतः तिथं ‘उघाडी’ असं लिहिलं होतं. आज सकाळी तिथं ‘उघडी’ होतं. हे ऑफिसात मजकूर तपासणाऱ्या रुचिकाचं काम. रुचिका ठाण्याची, दुकानांच्या पाट्यांवर ऱ्हस्वदीर्घ चुकलं की फोटो काढून ग्रुपवर टाकणारी. खाडीच्या बांधात जे दार असतं त्याला उघाडी म्हणतात, हे तिला कोण सांगणार? शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी ठेवलेलं दार. ते बंद असलं तरी त्याचं नाव उघाडीच. तिनं आपलं एक अक्षर सुधारलं आणि मराठीवर उपकार केले. कुलदीपला बारीकसा धक्का बसला, अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि जमीनच लागावी तसा. आणि पाठोपाठ हसू आलं. बरं झालं, तो मनात म्हणाला. करा उद्घाटन. दिसू दे तुमची अक्कल भिंतीवर.

भिंत क्लबहाउसची होती. कुलदीपच्या गावाजवळ, खाडीवरच्या डोंगरावर, नीलतीर नावाची बंगल्यांची वसाहत उठत होती, आणि रो-रो बोटीतून गाड्यांसकट उतरणाऱ्या मुंबईकरांना बंगला दाखवण्याआधी सरबत देऊन त्या भिंतीसमोर उभं करायचं, असा बेत होता. भिंतीवर एक लांबलचक पडदा आणि पडद्यावर काट्यानं माप दाखवणारे गेज: वाऱ्याचा, हवेचा, समुद्राच्या उष्णतेचा, एक तर चक्क शांततेचा. शांतता मोजणाऱ्या गेजचा काटा डावीकडे पडला की शांतता जास्त, म्हणून तो उलटा करून द्यावा लागला होता, कारण वसाहतीच्या मालकशेठना काटा उजवीकडेच बघायची सवय. शेवटचा गेज बांधावरच्या उघाडीचा. बांधावरून रस्ता काढायला गावानं परवानगी दिली, त्याच्या बदल्यात वसाहत बांधणाऱ्या कंपनीनं जुन्या लाकडी फळ्या काढून चाकानं फिरणारं लोखंडी दार बसवलं, बाहेर खांब रोवून पाणी मोजायचं यंत्र लावलं, आणि गावाला मोबाइलवर तोच पडदा बघायची लिंक देऊन टाकली. गावालाही तंत्रज्ञान, असं माहितीपत्रकात छापलं होतं. त्या बांधाच्या आत कुलदीपच्या आवडाकाकीचं भात होतं. तिचं सगळं काही तेवढंच. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढचे दोनतीन पावसाळे त्या मातीत काडी उभी राहत नाही.

कुलदीपला गेज या प्रकाराचीच मनापासून किळस होती. एक आकडा सांगायचा असतो. आकडा सांगा आणि मोकळे व्हा. पण नाही, त्याला अर्धवर्तुळ पाहिजे, रेघा पाहिजेत, काटा पाहिजे, काट्याला सावली पाहिजे. हातभर जागा खाऊन शेवटी सांगणार काय, तर पाणी दोन मीटर. मोटारीत बसून आयुष्य काढलेल्या माणसांना मोटारीतलं काहीतरी भिंतीवर दिसल्याशिवाय विश्वास वाटत नाही. प्रोग्रामिंगच्या लायब्ररीत सगळं आयतं मिळायचं. कुठल्या कोनात सुरू करायचं ते सांगा, कुठे संपवायचं ते सांगा, किमान किती, कमाल किती, रेघा किती, काट्याची लांबी किती, की झालं चित्र तयार. त्यातला एक खुबीचा भाग मात्र त्याला पहिल्या दिवशीच कळला होता, आणि त्या खुबीचाही त्याला तिटकारा होता. हिरवा, पिवळा, लाल हे पट्टे मीटरमध्ये सांगायचे नसतात. ते एकूण मापाच्या वाट्यात सांगायचे. दशांश सहापर्यंत हिरवा, दशांश सातपर्यंत पिवळा, पुढे लाल, असं म्हणायचं. म्हणजे कमाल चार असेल तर हिरवा अडीचच्या अलीकडे संपतो, आणि कमाल वाढवली की पट्टे आपोआप पुढे सरकतात. कोणी काही खोटं लिहिलेलं नसतं. धोका कुठे सुरू होतो हे कोणी ठरवलं, असं विचारलं तर बोट दाखवायला माणूस सापडत नाही. त्यानं चार लिहिलं होतं. अडीचच्या वर खाडी चढली की उघाडी लावलीच पाहिजे, हे त्याला कोणत्याही पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

ते चार फार दिवस टिकलं नाही. कमलेशनं, म्हणजे ज्याच्या कंपनीत तो हे गेज फिरवायचं काम करत होता त्या मालकानं, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बैठक मारली. कमलेशचे वडील अलिबागला भांड्यांच्या दुकानात बसायचे. मुलगा पडदे विकत होता, आणि दोन्ही धंद्यांत त्याला फरक वाटत नव्हता. “कुलदीप, काटा जिवंत नथी लागतो, यार,” तो म्हणाला. “एक जागी चिकटलाय. शेठला वाटेल मशीन बंद आहे. थोडा हलव ना.” कुलदीप म्हणाला, पाणी हलत नाही तर काटा कसा हलेल? “पाणी कोण बघायला जाणार आहे? थोडा थरथरला पाहिजे. लाइव्ह!” मग त्यानं थरथर घातली. दर क्षणाला खऱ्या आकड्यात एक चिमूटभर खोटं मिसळायचं, कधी अधिक, कधी उणं. काटा लगेच जिवंत झाला, कमलेशनं टाळी दिली. “अने आणखी एक. लाल पट्टा ठेव, सुंदर दिसतो, पण काटा तिकडे जायला नको. बंगला बघायला आलेल्या माणसासमोर लाल? चालणारच नाही.” कुलदीपनं कीबोर्ड पुढे ओढला. त्यानं चार खोडून सहा केलं. एवढंच. हिरवा पट्टा लाडावलेल्या पोरासारखा आणखी हातपाय पसरून बसला. पडदे विकणाऱ्यांशी पाण्याबद्दल वाद घालणं त्याला कमीपणाचं वाटत होतं, आणि कमीपणा न घेता गप्प बसणं हे आपलं मोठेपण आहे अशी त्याची पक्की समजूत होती.

खरं तर त्याच्या समजुती सगळ्या अशाच होत्या. आईबाप कळंबोलीला कंपनीत, म्हणून दहावीपर्यंत तो आवडाकाकीकडे होता. भागोजीकाका तेव्हा उघाडी सांभाळायचे. अमावस्या-पुनवेला, उधाणाच्या आधी, ते मांडीभर चिखलात उतरून एकेक फळी खाचेत सारायचे, आणि फळ्यांच्या फटीत गवत आणि चिखल कोंबायचं काम कुलदीपकडे असायचं. त्या चिखलाचा वास त्याच्या नखांत बसायचा. वर्गात तो हात खिशात घालून बसायचा. नखांचा तो वास त्याला अजूनही कधीकधी कीबोर्डवर येई, आणि तो आला की त्याला सगळ्यांचाच राग येई: काकांचा, जे कधी तक्रार न करता चिखलात उतरले आणि एका पावसाळ्यात तापानं गेले; गावाचा, ज्यानं त्यांच्यानंतर उघाडी सांभाळायला नामासारखा माणूस नेमला; आणि काकीचा तर सगळ्यात जास्त. लिंक आली त्या दिवशी काकीनं घरोघर मोबाइल नेऊन दाखवला होता. “आमच्या कुलदीपनं केलंय ह्ये. त्याला तिकडं अलिबागला बसून आपल्या खाडीचं पानी दिसतं.” नामा चष्मा पुसत म्हणाला होता, “खरंच काय, वयनी?” आणि काकी म्हणाली होती, “मग! थरथर बघा की, पानीच हाय त्ये.” कुलदीप तेव्हा ओटीवर बसला होता. ती थरथर आपण काल ऑफिसात बसून घातली, हे त्याला सांगावंसं वाटलं नाही. कोणताही पडदा दिसला की टाळ्या पिटणारी माणसं. यांना काय सांगायचं आणि कशाला?

आणि आता हा काना. दुपारी रुचिका कॉफीचा कप घेऊन त्याच्या टेबलापाशी थांबली. मुलगी वाईट नव्हती, वाईट असती तर बरं झालं असतं, इतकी ती प्रसन्न असायची. “अरे कुलदीप, तुझा एक टायपो होता, मी फिक्स केला हं. ‘उघाडी’ लिहिलं होतंस.” एक वाक्य पुरे होतं. तो शब्दच तसा आहे, एवढं म्हटलं असतं तर ती खजील झाली असती, हसली असती, आणि काना परत आला असता. पण ते वाक्य म्हणायचं म्हणजे बांध सांगायचा, बांध म्हणजे चिखल सांगायचा, चिखल सांगितला की ती मान तिरकी करून ‘सो इंटरेस्टिंग, तू गावाकडचा का?’ म्हणणार. ते त्याला नको होतं. त्यापेक्षा भिंतीवर ‘उघडी’ असू दे. खाडीकाठचा कोणीतरी माणूस कार्यक्रमाला येईल, वाचेल, मोठ्यानं हसेल, आणि यांची सगळ्यांची चारचौघांत शोभा होईल. तो प्रसंग त्यानं डोळ्यांसमोर इतका रंगवला होता की आता तो चुकवणं त्याच्या जिवावर आलं. “थँक्स,” तो म्हणाला. “माझं लक्ष नव्हतं.”

कोणी हसलं नाही. उद्घाटनाला गावातून बोलावलेली माणसं क्लबहाउसच्या दाराशी चपला काढून उभी राहिली आणि आतल्या थंड हवेनं अंग चोरू लागली. शेठनी कळ दाबली, काटे एकदम उठले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोत्याची कुडी घातलेल्या एका बाईंनी पडद्याच्या जवळ जाऊन अक्षर लावलं. “उघडी. म्हणजे ओपन ना? काय ओपन आहे?” कमलेश पुढे झाला, त्याला एक क्षणही लागला नाही. “ओपन टू नेचर, मॅडम. कन्सेप्ट आहे.” “लव्हली,” बाई म्हणाल्या, आणि शांततेच्या गेजकडे सरकल्या. कुलदीप मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या पोटात हसू उकळलं आणि तिथंच आंबलं. हा विनोद कळणारा त्या दालनात तो एकटाच होता, आणि एकट्यानं विनोद बाळगून उभं राहण्यात काही मजा नव्हती. काकी दारातून त्याच्याकडे बघून मान हलवत होती, छान झालं, छान झालं, अशी. त्यानं नजर फिरवली. मूर्ख, तो म्हणाला. पण कोणाला म्हणाला हे त्याचं त्यालाही नक्की सांगता आलं नसतं.

त्यानंतर काना घालणं त्याच्या हातातच होतं. घातला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण आपणच मुद्दाम सोडलेली चूक आपणच चोरून दुरुस्त करायची, यात त्याला हार वाटत होती, आणि हार कोणाकडून, तर ज्यांना आपण खेळात धरतच नाही अशा माणसांकडून. पुढच्या बदलांत बघू, असं म्हणत त्यानं ते ठेवलं. मग दुसरं काम आलं, एका रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाचं, तिथंही गेजच. भाद्रपदाची अमावस्या जवळ आली तेव्हा पाऊस चार दिवस हलला नव्हता. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात वडापाव खाता खाता त्यानं सवयीनं मोबाइल काढला, रिसॉर्टचं बघता बघता बोट चुकून जुन्या पडद्यावर गेलं. उघाडीचा काटा सरळ वर उभा होता. बारा वाजल्यासारखा. हिरव्यात. थरथरत होता, त्याच्याच थरथरीनं. खाली लिहिलं होतं, उघडी. सहाच्या मापात मध्यावर म्हणजे तीन, आणि तीन म्हणजे चाराच्या मापात केव्हाचं लाल, हे गणित त्याच्या डोक्यानं त्याला न विचारता करून टाकलं. अमावस्या आहे, तो स्वतःला म्हणाला, आज उधाण हे त्यांना काय मोबाइल सांगणार आहे? पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहतात. भिंतीवरचं चित्र बघून उघाडी लावायची की नाही हे ठरवण्याइतकी काही ती माणसं खुळी नाहीत. आजवर ज्यांना त्यानं खुळं म्हटलं होतं त्यांच्या शहाणपणावर आज त्यानं सगळा भार टाकला, मोबाइल खिशात ठेवला आणि चहा मागवला. चहाला काही चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीचा फोन आला तेव्हा तो ऑफिसच्या जिन्यात होता. एरवी ती फोनवर ओरडून बोलायची. आज आवाज अगदी खालचा होता. “पोरा, कामात हायस का?”

“नाही काकी, बोल.”

“आमी बांधावर हाव समदी. पानी आलं रं आत. काल भरतीला आलं, राती आलं, आताशी उतरतंय. भात समदं बसलंय खाली.” मागे माणसांचा कलकलाट ऐकू येत होता. कुलदीपनं जिन्याच्या कठड्याला हात लावला. कठडा ओला होता.

“उघाडी लावली नव्हती?”

“नामा लावाया निघालाच व्हता. चाकाला हात घातलान, नि मला म्हनलान, वयनी, आधी मोबाइलात बघा. मी बघितलं. हिरवं व्हतं. खाली लिवलंवतं, उघडी. मी म्हटलं, कुलदीपनं उघडी लिवलंय ना, मंग उघडीच ऱ्हाव दे. आतलं पावसाचं पानी तरी जाईल. त्याला तिकडनं दिसतं, आपल्याला काय दिसतंय.” मागून नामाचा आवाज चढला: इचारा त्याला, वयनी, असं कशापायी लिवलान त्ये इचारा! “ही समदी मला बोलतायत रं. तू लिवलंस त्यात काय तरी इचार असंल ना? मला सांग. मी सांगते ह्यांना समजावून.”

वाक्यं तयार होती. ऑफिसात अशी वाक्यं तयारच असतात: गेज नुसता दिखाव्यासाठी होता, मजकूर दुसऱ्या विभागाकडे होता, मापाचा निर्णय वरून आला होता. यांतलं एकही पुरतं खोटं नव्हतं, आणि कुलदीपला पहिल्यांदाच अशा वाक्यांची किळस आली नाही, फक्त भीती वाटली, की आपण यांतलं एखादं आता बोलून टाकू. “काकी,” तो म्हणाला, “ते चुकलं होतं. उघाडीचा काना पडला होता. मला पहिल्या दिवशीच दिसलं. मी तसंच ठेवलं.”

“का रं?”

“इथली माणसं चुकली होती. लोक त्यांना हसतील म्हणून.”

त्याला काकीचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यापलीकडे पाणी. ओहोटीला उघाडीतून खाडीकडे धावणाऱ्या पाण्याचा तो आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. मग तिनं फोन कानापासून दूर नेला असावा, कारण तिचे शब्द लांबून पण स्पष्ट आले. “त्याचं काय चुकलेलं न्हाय. उघाडीच लिवलंवतं त्यानं. मी उघडी वाचलं. माझीच चूक.” कोणीतरी बाई म्हणाली, अगं आवडे, तू कशी चुकशील वाचायला? गावदेवीच्या देवळात श्रावणभर पोथी वाचायला गाव तिलाच बसवतं, गावात शिकलेली नवी सून आली तरी तिलाच. तो पाट दुसऱ्या कोणाला मिळालेला कुलदीपला आठवत नव्हता. “पोथी पाठ हाय मला,” काकी म्हणाली. “पानं नुसती उलटते. मला कुठं धड वाचता येतं.” त्यावर नामा म्हणाला, “दाखवा बरं मोबाइल.”

“दावते,” काकी म्हणाली. “फोन तरी ठिवू दे.” आणि ओठ फोनला अगदी चिकटवून, कुजबुजत, “पोरा, तेवढा काना घाल आता. बिगी बिगी घाल.”

फोन बंद झाला. कुलदीप जिना चढून वर आला. रुचिकानं प्रसन्नपणे गुड मॉर्निंग म्हटलं. त्यानं खुर्ची ओढली, ती ओळ काढली, आणि घ च्या पुढे काना दिला. पडदा ताजा झाला. काटा खाली उतरला होता, हिरव्यातच थरथरत होता, आणि खाली ठळक, शुद्ध अक्षरांत ‘उघाडी’ असं लिहिलेलं होतं. आता ते बांधावर उभ्या असलेल्या ज्याला ज्याला वाचता येत होतं त्याला दिसलं असेल, आणि आवडाबाईला वाचता येत नाही अशी सगळ्यांची खात्री पटली असेल.